काजळाचं कडं

मागच्या दिवाळीत पुतण्याच्या पोरानं मोबाईल माझ्या नाकापुढे धरला अन् म्हणाला, "आजी, पाह्य, तुह्या डब्यातलं हत्यार इथं विकून राह्यले." चष्मा लावून पाहिलं तर खरंच तेच. पितळेचा शंकू, त्याच्यातून आरपार गेलेली दांडी, वर आडवी मूठ आणि खाली दात्यांची चकती. खाली 'व्हिंटेज' असं लिहिलेलं. याचा अर्थ काय रे, म्हटलं. तो म्हणाला, जुनं पण भारी. मग मलाही टाक ना बाप्पा त्या यादीत, मी म्हणाले. पुढे आठ-पंधरा दिवसांनी एक गृहस्थ घरी आले. नवा बंगला बांधत होते. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मांडायला त्यांना माझा अख्खा डबा हवा होता. मी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. हत्यार म्हणजे काय शोकेसमधली बाहुली आहे? ते गेल्यावर मात्र मी डबा उघडून बराच वेळ बसून राहिले. अकोल्याचा तो दिवस मी आजवर कुणाला पुरता सांगितलेला नाही. आता सांगून टाकते.

माझे वडील, देविदास मिस्त्री, अमरावतीत जुने नळ दुरुस्त करायचे. नवे नळ बसवणारे गावात पुष्कळ होते, जुना बरा करणारा मीच एकटा, असं ते स्वतःच सांगत. त्यांना बढाई मारायची सवय होतीच, पण ही गोष्ट खरी होती. नळ गळायला लागला की लोक वायसर बदलतात. आठ दिवसांनी तो पुन्हा गळतो. मग लोक वायसरला शिव्या देतात, दुकानदाराला देतात, शेवटी नळच फेकून देतात. दोष वायसरचा नसतोच. वायसर ज्या पितळी काठावर टेकतो तो काठ पाण्यानं खाल्लेला असतो. त्या काठाला बाबा 'बैठक' म्हणत. "बैठक बिघडली का माणूस बिघडते अन् नळबी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. घरोघरच्या बायकांना ते पाठ झालं होतं. ते हत्यार या बैठकीसाठीच होतं. नळाचं डोकं उघडायचं, शंकू तोंडात घट्ट बसवायचा, दांडी खाली उतरवायची आणि मूठ हलक्या हातानं फिरवायची. चकतीचे दाते बैठकीवरचे खड्डे तासून काढत. बाबांना ते बडनेऱ्याच्या त्यांच्या उस्तादांनी दिलं होतं. देताना उस्ताद एवढंच म्हणाले होते की बेटा, जोर मत लगाना, ये जोर का काम नहीं है.

बैठक सपाट झाली की नाही हे कळायला काजळ लागे. चपट्या चकतीला काजळ माखायचं, ती बैठकीवर टेकवून उचलायची. बैठक चांगली असेल तर चकतीवर अखंड गोल उमटे, बांगडीसारखा. कुठं तुटला असेल तर तिथं पाणी गळणारच. बाबा त्याला 'कडं' म्हणत. कडं पूर्ण झालं की काम झालं. काजळ माय घरीच धरायची, एरंडेलाच्या दिव्यावर वाटी पालथी घालून. अर्धं माझ्या डोळ्यांना आणि अर्धं नळांना. माय म्हणायची, "नळाचे डोळे मोठे करून त्याचं लगन लावाचं हाये का?" बाबा हसत आणि बोटानं डबीतलं अजून थोडं काढून घेत.

आमच्या दोन खोल्यांत सकाळ आवाजानं सुरू व्हायची. मागच्या खोलीत माय भाकरी थापायची, पुढच्या खोलीत बाबा हत्यारांना तेल द्यायचे. थप थप आणि करकर. जेवायला ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, त्यावर लाल मिरचीची झणझणीत फोडणी आणि जवसाची चटणी. एकदा जेवताना बाबा म्हणाले, "आज चटणी नाही वाटते." चटणी त्यांच्या ताटात होती, डाव्या बाजूला.  मायनं फक्त ताट अर्धवट फिरवलं. चटणी समोर आली आणि बाबा जेवू लागले. मी मायकडे पाहिलं तर ती चुलीकडे तोंड करून बसली होती. त्या दिवशी मला कळलं की मायला आधीपासून ठाऊक आहे.

तो काचबिंदू होता. हे नाव आम्हाला फार उशिरा, डॉक्टरकडून कळलं, तोवर काही उरलं नव्हतं. तेव्हा एवढंच दिसत होतं की बाबांची नजर कडेकडेनं आत सरकत चालली आहे. मी दहावीत गणितात आपटले होते आणि घरी बसले होते. बाबा म्हणाले, "रिकामी बसून काय करते? चाल माह्यासंगं, डबा उचलाले." डबा उचलणं हा बहाणा होता हे आठवड्याभरात कळलं. बैठक त्यांना दिसत नव्हती. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर ते तिच्यावरून फिरवत आणि खड्डा कुठं आहे ते बरोब्बर सांगत. त्या पेरानं त्यांना माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त दिसायचं. पण काजळ बोटानं पुसलं जातं. कड्याला हात लावता येत नाही, ते पाहावंच लागतं.

म्हणून आमची खूण ठरली. बाबा चकती उजेडात धरून पाहिल्याचं सोंग करायचे. कडं तुटलेलं असेल तर मी म्हणायची, "बाबा, पाणी पिता काय?" पूर्ण असेल तर म्हणायची, "बाबा, उशीर होऊन राह्यला." झालं! घरोघरच्या बायका बिचाऱ्या लगबगीनं तांब्या भरून आणत आणि बाबांना तो प्यावा लागे. बैठक फार खराब असली की बाबांचं पोट डब्ब व्हायचं. वाटेत आम्ही यावर हसायचो. पण भीती होतीच. मिस्त्रीला दिसत नाही ही बातमी एका घरी फुटली असती तर दुसऱ्या दिवशी कुणी दार उघडलं नसतं. अशी तीन वर्षं गेली. तोवर हत्यार फिरवायचं कामही बरंचसं मीच करू लागले होते, दार लोटून, कुणी पाहत नाही असं बघून.

कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी दर वर्षी अकोल्याच्या एका जिनिंगमधून बाबांना बोलावणं यायचं. आगीच्या लाईनीसाठी. जिनिंगमध्ये कापसाचे डोंगर असतात, एक ठिणगी पुरते. म्हणून तिथं उंच लोखंडी टाकी होती आणि तिथून खाली आलेली जाड लाईन. त्या लाईनीवरचे व्हॉल्व्ह इतके जुने होते की त्यांचे सुटे भाग कुठंच मिळत नसत. बाबा वीस वर्षं तिथं जात होते. सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. "अकोल्याची लाईन माह्या हातची हाये," म्हणायचे. नळदुरुस्ती गल्लीतलं काम आणि अकोला म्हणजे मान, असा त्यांचा हिशेब होता.

त्या वर्षी आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. फाटकाबाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग आधीच लागली होती. मॅनेजरसाहेब आमची वाट पाहत उभे होते. माणूस बाहेरगावचा, पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुस्तकातल्यासारखं. म्हणाले, "मिस्त्री, तीन वाजता तपासणी आहे. लाईन थेंबभर जरी गळली तरी परवानगी मिळणार नाही आणि या सगळ्या गाड्या उभ्या राहतील. होईल ना?" बाबा म्हणाले, "वीस वर्सं झालीच ना साहेब." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "ही यंदाही कशाला?" "डबा उचलते," बाबा म्हणाले.

इथं लाईन कशी होती ते सांगितलंच पाहिजे. टाकीतून खाली आलेल्या पाईपावर आधी एक मोठा कॉक होता. त्याला हातभर लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला लोखंडाचं वजन. दांडा वर असला की पाणी बंद आणि खाली पडला की पाणी चालू. एरवी तो खिटीनं अडकवलेला असे. आग लागली तर फक्त खिटी उपटायची, बाकीचं काम वजन करी. त्याच्या चार पावलं पुढे, जमिनीलगत, तो गळका व्हॉल्व्ह होता, तोच आम्हाला तासायचा होता. आणि त्या वर्षी खिटी गंजून मोडली होती. मी म्हटलं, दांडा दोरीनं बांधू. बाबांनी मान हलवली. "दोरी ऐकत नाही. माणूस ऐकते. माहा हात आत असतानी मले माणूस पाह्यजे." मी दांड्याखाली खांदा घातला आणि तो उचलून धरला. वजन चांगलंच होतं. पण मी अठरा-एकोणीस वर्षांची, मला काय त्याचं!

बाबांनी व्हॉल्व्ह उघडला, बोट आत घातलं आणि पेर फिरवलं. त्यांचा चेहरा पडला. बैठक फारच खाल्लेली होती. त्यांनी मोठा शंकू बसवला आणि फिरवायला सुरुवात केली. करकर. चकती काजळून टेकवली, उचलली, वर धरली. कडं अर्धंसुद्धा उमटलं नव्हतं. मी म्हणाले, "बाबा, पाणी पिता काय?" शेजारी मडकं होतं, बाबा प्याले. पुन्हा करकर, पुन्हा चकती, पुन्हा पाणी. चौथ्या वेळेला मॅनेजरसाहेब म्हणाले, "या मिस्त्रीचं पोट आहे का हौद?" मी हसल्यासारखं केलं. माझ्या खांद्याची कातडी दांड्याखाली सोलवटून निघत होती आणि जीव टांगणीला लागला होता, कारण साहेब आता जवळ येऊन, हाताची घडी घालून, बाबांकडेच पाहत उभे होते.

पाचव्या वेळी बाबांनी चकती वर धरली आणि मला दिसलं की आज ते काय करताहेत. मी लांब उभी, मला नीट दिसावं म्हणून काजळाची बाजू त्यांनी माझ्याकडे केली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर चकतीची नुसती कोरी पितळी पाठ होती आणि ते त्या कोऱ्या पितळाकडे डोळे बारीक करून बघत होते. घरोघरी मी त्यांच्या खांद्याशी उभी असे, तिथं हे कधी झालं नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, पण काय ओरडणार? "बाबा, पाणी पिता काय," एवढंच तोंडून निघालं.

बाबांनी दात्यांची चकती पुन्हा आत उतरवली आणि बोटानं ती बैठकीवर बसवू लागले. साहेब सरळ माझ्याकडे आले. हळू आवाजात म्हणाले, "पोरी, खरं सांग. म्हाताऱ्याला दिसतं की नाही?"

"दिसते ना साहेब."

"मग काजळ तुझ्याकडे का धरतो?"

मी दांडा सावरून धरला.  साहेबांनी माझं मनगट धरलं. "चल, त्याच्यासमोर सांग. माझी सगळी जिनिंग आंधळ्याच्या हातात द्यायची काय?" आणि त्यांनी मला ओढलं.

"साहेब, हात..." मी म्हणाले.

तेवढ्यात बाबा ओरडले, "सोड!"

आता पाहा. आमच्या कामात 'सोड' म्हणजे पाणी सोड. तीन वर्षं रोज दहादा तो शब्द मी ऐकत होते. बाबा आतून ओरडायचे "सोड!" आणि मी अंगणातला मोठा नळ फिरवायची. आणि बाबांनी मॅनेजरसाहेबांना उभ्या आयुष्यात कधी एकेरी हाक मारली नव्हती. साहेबांना ते म्हणाले असते तर 'सोडा साहेब' म्हणाले असते. एकेरी 'सोड' घरात एकाच माणसाला लागू होतं आणि ते माणूस मी होते. एवढं सगळं मी तेव्हा विचारून केलं नाही. कानावर शब्द पडला आणि खांदा आपोआप बाजूला झाला. दोरी ऐकत नाही, माणूस ऐकते. मी ऐकलं.

दांडा धाडकन पडला. पाईपातून पाणी गडगडत आलं आणि उघड्या व्हॉल्व्हमधून पुरुषभर उंच उसळलं. त्यात ती दात्यांची चकती उडाली. बाबांचं बोट तिच्या आणि काठाच्या मधे होतं. ते ओरडले नाहीत. नुसता "अह्" असा आवाज आला, ठेच लागल्यावर येतो तसा. साहेबांनी झडप घालून दांडा वर उचलला तोवर खाली चिखल झाला होता आणि त्या चिखलात लाल रंग मिसळत होता. उजव्या हाताचं पहिलं बोट. पेराचं सगळं मांस निघून गेलं होतं.

मी बाबांजवळ जाऊन बसले. मला रडूही येईना. साहेब दांडा धरून उभ्या-उभ्याच ओरडत होते, "हिनं सोडला! मी काही केलं नाही, हिनं सोडला! मुलीला असल्या कामावर आणतात का? उठा, चालते व्हा दोघं!" मला वाटलं, खरंच आहे, मीच सोडला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बाबांनी डोक्याचा शेला काढून बोटाभोवती गुंडाळला. मग आवाजाच्या अंदाजानं साहेबांकडे तोंड केलं. म्हणाले, "साहेब, 'सोड' मी तुमाले म्हणलो होतो. एकेरी म्हणलो, ते चुकलं. पण हात माह्या पोरीचा होता."

साहेबांची नजर माझ्या मनगटावर गेली.

"अन् तुमी बराबर वळखलं. मले दिसत नाही. तीन वर्सं झाले. काम हे पोरगी करते. माह्या नावानं करते. मागच्या दोन साली तुमची लाईन इनंच केली, तुमी जेवाले गेले होते तवा. गळली काय?"

मला ऐकू येत होतं, पण विश्वास बसत नव्हता. ज्या गोष्टीसाठी त्यांनी तीन वर्षं तांबेच्या तांबे पाणी पोटात घातलं, ती गोष्ट त्यांनी चिखलात बसून चार वाक्यांत सांगून टाकली होती. आणि कशासाठी, तर दोष माझ्या अंगावर पडू नये म्हणून. मला त्यांचा रागच आला. असं कुणी करतं का!

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग फाटकाकडे, गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं. हळूच विचारलं, "आता काय करायचं?"

"बैठक अर्धी झाली हाये. बाकीची पोरगी करते. तुमी दांडा धरा."

मॅनेजरसाहेबांनी इस्त्रीच्या शर्टासकट दांड्याखाली खांदा घातला. मी चिखलातून चकती शोधून काढली, पुसली, तिला लागलेलं रक्त धुतलं. शंकूचे आटे काही केल्या लागेनात. बाबा टाकीच्या खांबाला टेकून बसले होते, गुंडाळलेला हात वर धरून. म्हणाले, "शकू, आधी श्वास घे. आटे पळून चालले नाही." शंकू बसला. मी मूठ फिरवली. करकर आवाज जाड यायला लागला तसे ते लगेच म्हणाले, "दाबून रायली तू. हलकं कर." मी हलकं केलं. आवाज बारीक झाला, सरसर. "हां."

चकतीला काजळ लावलं, टेकवली, उचलली. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "बाबा, पाणी..." आणि मी थांबले. मग मोठ्यानं, साहेबांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबा, दोन जागी तुटलं. टाकीकळे बोटभर, अन् भिंतीकळे केसाएवढं."

"टाकीकळचं पह्यले घे," बाबा म्हणाले.

पुन्हा फिरवलं. पुन्हा काजळ. टाकीकडचं भरलं, भिंतीकडचं राहिलं. दोन वाजून गेले होते. साहेबांचा शर्ट खांद्यावर काळा झाला होता, पण दांडा त्यांनी तसूभरही हलू दिला नाही. तिसऱ्यांदा चकती उचलली तेव्हा कडं पूर्ण होतं. मी ती वळवून-वळवून पाहिली. मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना, म्हणून पुसून पुन्हा काढलं. पुन्हा पूर्ण. "झालं बाबा," मी म्हणाले आणि तेव्हा कुठं मला रडू फुटलं. व्हॉल्व्हचं डोकं मी रडत-रडतच आवळलं.

आता पाणी आणायचं होतं. तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. आजही चटकन निघत नाही. मी म्हणाले, "साहेब, दांडा हळू खाली घ्या." पाणी गडगडत आलं, व्हॉल्व्हवर आदळलं आणि थांबलं. मी आधी हात फिरवला, मग गाल टेकवून पाहिला. कोरडा. पाच मिनिटं थांबलो, दहा थांबलो. कोरडाच.

साहेबांनी स्वतः टिंक्चर आणि कापूस आणला. कापसाला काय तोटा होता तिथं. बाबांचं बोट बांधून दिलं. तीन वाजता तपासणीवाले आले, व्हॉल्व्हभोवती कोरडा रुमाल फिरवून पाहिला आणि गेले. फाटक उघडलं, गाड्या आत यायला लागल्या. मी डबा भरत होते तेव्हा साहेब म्हणाले, "मिस्त्री, पुढच्या वर्षीपासून तुम्ही नका येऊ." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मुलीला पाठवा."

मला ते वाक्य अजून गिळता येत नाही. माझा मान होता त्यात, कबूल. पण वीस वर्षांच्या माणसाला असं सांगतात? बाबा फक्त म्हणाले, "बरं साहेब." नंतर त्या बोटाला कसलीच जाण उरली नाही. गरम-थंडसुद्धा त्याला कळत नसे, मग बैठक कुठली. हत्याराला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मी माफी कितीदा मागितली असेल, मोजदाद नाही. ते दर वेळी म्हणायचे, "चूप बस, कामाचं बोल."

पण ते पुढचं. त्या दुपारी आम्ही निघालो तेव्हा मैदानात माणसं, बैल, गाड्या, सगळी गर्दी होती. अशा गर्दीतून बाबा नेहमी माझ्यापुढं चालत, पावलं मोजून, कुणाला काही कळू नये म्हणून मान वर ठेवून. मी डबा उचलायला वाकले तर त्यांनी डाव्या हातानं तो माझ्याकडून घेतला. आणि बांधलेला उजवा हात सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर ठेवला.

"चाल," म्हणाले. "तू पुढं हो."